खाकरण्याचे सर्व हक्क राखीव

सोमवार, ३ मार्च

माझ्यासारख्या माणसाने व्हिडिओ वाहिनी सुरू करावी हे आश्चर्य असले, तरी ते घडलेले आहे, आणि घडलेल्या गोष्टीची नोंद व्हावी या मताचा मी असल्यामुळे आजपासून ही दैनंदिनी.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून घरगुती उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या हमीपत्र विभागात नोकरीस आहे. मिक्सर, इस्त्री, धुलाईयंत्र यांच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो, जो खोके उघडताच केराच्या टोपलीत जातो. त्या कागदावरील प्रत्येक शब्द बिनचूक आहे की नाही, हे पाहणे माझे काम. सारी नोकरी यात गेली. वाचक मात्र एकही लाभला नाही. घरी सौ. आणि कन्या हे मजकूर ऐकण्यापूर्वीच खोलीबाहेर जातात.

कन्या चेष्टेने म्हणाली, "बाबा, हे सगळं कॅमेऱ्यासमोर वाचा. कॅमेरा उठून जात नाही."

मी सूचना चेष्टा वगळून स्वीकारली. वाहिनीचे नाव 'बारीक अक्षर'. पहिल्या व्हिडिओत एका छत्रीचे हमीपत्र वाचले. त्यातील चौथ्या कलमानुसार छत्रीचा पाण्याशी संपर्क आल्यास हमी रद्द होते. हे वाचताना मोबाइल धरलेल्या सौ.चा हात इतका हलला, की चित्रात मी होडीत बसल्यासारखा दिसतो.

खाते उघडताना, ज्यावर व्हिडिओ टाकायचे त्या इंटरनेटवरील मंचाने आपले नियम दाखवून खाली 'मला मान्य आहे' असा चौकोन दिला होता. मी संपूर्ण नियम वाचूनच त्यावर खूण केली.

"ते कोणी वाचत नाही, बाबा."

"म्हणूनच," मी म्हणालो.

प्रत्येक कलमापूर्वी दोनदा खाकरण्याची मला सवय आहे. एकदा घशासाठी आणि एकदा श्रोत्यांसाठी.

गुरुवार, ६ मार्च

छत्रीचा व्हिडिओ लोक पाहत आहेत! अनोळखी लोक! एका गृहस्थाने कळवले, की त्याने दुकानदारासमोर चौथे कलम मोठ्याने वाचून दाखवले आणि दुकानदाराने कलम संपू न देताच छत्री बदलून दिली. एका बाईंनी विचारले, 'काका, प्रवासी बॅगेचं वाचाल का?' वाचाल का! मी आज जेवताना बॅगेचे दुसरे कलम म्हणूनही दाखवले.

'जिन्यातली बाई' असे नाव घेतलेली एक प्रेक्षक विशेष चिकित्सक दिसते. तिने लिहिले आहे, 'चौथ्या कलमाआधीचं खाकरणं सगळ्यात छान.' आशयाऐवजी खाकरण्याकडे लक्ष जावे हे खटकले. परंतु तिने कलमाचा क्रमांक अचूक दिला आहे. अशा प्रेक्षकाला मी गमावू इच्छित नाही.

सौ. हल्ली स्वयंपाकघरात मोबाइलकडे पाहून एकटीच हसते. कारण विचारले असता म्हणाली, "काही नाही, भाजीवाल्याचा निरोप." भाजीवाल्याचा निरोप इतका विनोदी कसा असू शकतो, हे मला उमगले नाही.

मंगळवार, ११ मार्च

गावात घशाची साथ आलेली असावी. सकाळी लिफ्टमध्ये दोन कॉलेजकन्यका होत्या. एकीने दोनदा खाकरले. दुसरीने लगेच दोनदा खाकरून उजवा खांदा उडवला. कार्यालयात स्वागतकक्षातील मुलीला हेच लक्षण. दुपारी आमचे तरुण व्यवस्थापक जिना उतरताना दोनदा खाकरले आणि मला पाहताच कमालीचे गंभीर झाले. मी त्यांना कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करण्यास सांगितले. ते "हो सर, नक्की सर" म्हणत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मीठ पुरेसे होईल असे वाटत नाही.

घरी हे सांगितले तेव्हा कन्येच्या नाकातून चहा आला. तिलाही संसर्ग झालेला दिसतो.

शनिवार, १५ मार्च

आज मंचाकडून पत्र आले. धुलाईयंत्राच्या हमीपत्राचा माझा व्हिडिओ काढून टाकण्यात आला असून वाहिनीस पहिला 'स्ट्राइक' देण्यात आला आहे.

"संप कोणी केला?" सौ.ने विचारले. "मी तर रोज मोबाइल धरून उभी असते."

कन्येने खुलासा केला, की हा संप नव्हे, हा ठपका. असे तीन झाले की वाहिनी कायमची बंद होते आणि त्या माणसाला पुन्हा दुसरी उघडता येत नाही. (नियम क्रमांक मला ठाऊक होता. मी वाचलेला आहे.)

ठपक्याचे कारण असे, की माझ्या व्हिडिओत 'अहं अहं' या गाण्याची चोरी आढळली असून त्याचे निर्माते कोणी 'डीजे दणका' आहेत. मी आयुष्यात गाणे म्हटलेले नाही. कन्येने मोबाइल माझ्यापुढे धरून गाणे लावले. ढोलांचा गदारोळ, मग क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत—

मी खुर्चीवरून उठलो. "हा माझा घसा आहे!"

"हो, बाबा."

"हा माझा, स्वतःचा, वैयक्तिक घसा आहे!"

"सगळा गाव त्यावर नाचतोय, बाबा. खांद्याची स्टेप पण आहे."

म्हणजे साथ वगैरे काही नव्हती. मी एका व्यवस्थापकाला विनाकारण गुळण्या करायला लावल्या. याच सुमारास सौ. वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली. कपडे अर्ध्या तासापूर्वीच घातलेले होते; ते तिने ओलेच आत आणले.

मी तत्काळ आक्षेप नोंदवला : घसा माझा, खाकरणे माझे, सबब मूळ मीच व नक्कल ते. मजकूर मुद्देसूद होता. 'पाठवा' दाबून बोट उचलतो न उचलतो तोच उत्तर आले : 'आपला आक्षेप काळजीपूर्वक वाचून फेटाळण्यात आला आहे.' इतक्या वेगाने काळजी घेणारी संस्था मी पाहिलेली नाही.

सोमवार, १७ मार्च

तळमजल्यावरील वकीलबाईंकडे गेलो. त्या एका गालावर हात ठेवून बसल्या होत्या. दाढ दुखत होती.

"कायद्यात खाकरण्याला मालक नसतो," त्या म्हणाल्या. "शिंकेला नाही, ढेकरेला नाही, जांभईला नाही. निर्मिती लागते हो. डोकं लागतं."

"म्हणजे मी निर्दोष?"

"कायद्यानं निर्दोष. मंचावर दोषी."

"ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत."

"का नाही? कायदा सगळ्यांचा असतो. मंच हे कुणाचं तरी घर आहे. त्यांनी दारावर लिहिलंय, आत शिट्टी वाजवायची नाही. तुम्ही शिट्टी वाजवलीत, बाहेर काढलं. आता तुम्ही रस्त्यावर उभं राहून ओरडताय, शिट्टी वाजवणं कुठल्या कायद्यात गुन्हा आहे! कुठल्याच नाही. पण तुम्ही बाहेरच."

"मी शिट्टी वाजवलेली नाही. मी खाकरलो."

"तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

मात्र एक वाट त्यांनी दाखवली. मंचाच्या नियमांतच प्रतिनोटिशीची सोय आहे. आपले पूर्ण नाव, पत्ता देऊन शपथेवर लिहायचे, की ठपका चुकीचा आहे. मंच ते समोरच्याला पाठवतो. मग समोरच्याने मुदतीत न्यायालयात जायचे. न गेल्यास व्हिडिओ परत येतो आणि ठपका पुसला जातो.

"म्हणजे मी त्याला सांगायचे, की माझ्यावर खटला भर?"

"बरोब्बर तेच."

मी जिना दोन-दोन पायऱ्या घेत वर आलो. न्यायालय! साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून मी दोनदा खाकरतो आहे आणि लघुलेखक ते टिपून घेतो आहे, असे दृश्य मला स्पष्ट दिसले. माझा मजकूर अखेर कोणीतरी सक्तीने वाचणार होते.

सौ.चा चेहरा मात्र साफ उतरला. "अहो, कोर्ट कशाला? ते शोध घेतील, कुठून आलं, कुणी दिलं... जाऊ द्या ना. न खाकरता करा व्हिडिओ."

तिला माझ्या प्रतिष्ठेची किती काळजी!

बुधवार, १९ मार्च

न खाकरता व्हिडिओ करण्याचा प्रयोग केला. प्रत्येक कलमापूर्वी सौ.ने पेल्यावर चमचा वाजवायचा असे ठरले. पहिले कलम पार पडले. दुसऱ्यापूर्वी घशात काहीतरी येऊन बसले. तिसऱ्यापूर्वी ते तिथेच स्थायिक झाले. चौथ्या कलमास डोळ्यांतून पाणी आले आणि 'उत्पादकाची जबाबदारी' हे शब्द उंदराच्या आवाजात बाहेर पडले. सौ. चमचा वाजवत राहिली. कन्या पलंगाखाली काहीतरी शोधायला गेली ती व्हिडिओ संपेपर्यंत आलीच नाही.

प्रेक्षकांनी लिहिले, 'काकांना काय झालं?', 'काकांना कुणी कोंडून ठेवलंय का?', 'चमचा नको, काका द्या.'

सवय मोडावी म्हणून आज कार्यालयातून येताना जिन्यातही खाकरलो नाही. चावीने दार उघडून आत गेलो, तर सौ. किंचाळली आणि हातातला डबा खाली पडला.

"हे काय, चोरासारखे! जिन्यात खाकरला नाहीत?"

"सराव करतो आहे."

ती खाली बसून डबा भरू लागली. भरता भरता म्हणाली, "इतकी वर्षं जिन्यात तुमचं खाकरणं ऐकलं की चहाचं आधण ठेवते. आता कशावर ठेवू?"

चहा आज उशिरा झाला. घड्याळावर ठेवावा, असे मी सुचवले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती कोणत्या कलमाखाली येते, हे मला ठरवता आले नाही.

त्यानंतर कळले ते असे, की सारा सराव व्यर्थ होता. मंचाचे यंत्र मागे जाऊन जुने व्हिडिओही तपासते. छत्री गेली. दुसरा ठपका.

शुक्रवार, २१ मार्च

आता तिसरा ठपकाही येऊ घातला आहे. प्रवासी बॅगेच्या व्हिडिओवर दावा लागला असून २९ तारखेच्या शनिवारपर्यंत दावेदाराने तो मागे न घेतल्यास 'बारीक अक्षर' बंद होईल. प्रतिनोटिशीची मुदत त्याहून लांब आहे. म्हणजे न्याय मिळेपर्यंत वाहिनी उरणार नाही. नियमांचे वेळापत्रक आणि कायद्याचे वेळापत्रक एकमेकांना कधी भेटलेलेच नाहीत.

डीजे दणका यांना मंचामार्फत पत्र धाडले. ते पत्र गाण्यांचे वितरण करणाऱ्या कुठल्याशा कंपनीकडे गेले आणि तिथल्या यंत्राने कळवले, 'आपल्या उत्साहाबद्दल आभार.'

संध्याकाळी कन्येला बोलावले. "या डीजेने माझा आवाज कुठून घेतला, ते शोध. माझ्या व्हिडिओत एका वेळी दोनच खाकरणी असतात. गाण्यात निरनिराळी आहेत. तिसऱ्या कडव्यातील खाकरणे मी वाहिनीवर केलेलेच नाही."

कन्या म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मी राहू दिले नाही. अखेर तिने मोबाइलवर एक व्हिडिओ उघडून तो माझ्यापुढे ठेवला आणि कामाचे निमित्त सांगून निघून गेली.

व्हिडिओचे शीर्षक : 'आमच्याकडचं खाकरणं — एक संग्रह'. प्रकाशक : जिन्यातली बाई. चित्र नाही, केवळ आवाज, आणि पडद्यावर पाट्या : 'पाहुणे उठत नाहीत तेव्हाचं.' 'माझं चुकलं पण बोलायचं नाही असं ठरवलंय तेव्हाचं.' 'स्वतःचं चुकलं तेव्हाचं (दुर्मीळ).' 'पेपरात शुद्धलेखनाची चूक सापडली तेव्हाचं.' 'मुलीचा निकाल लागला तेव्हाचं — हे खाकरणं नाही, पण ते तसंच म्हणतात.'

वर्गीकरण निर्दोष आहे. मी स्वतः याहून चांगले करू शकलो नसतो. एखाद्या अनोळखी प्रेक्षकाला हे कसे साधावे, याचे मी कौतुक करीत होतो, इतक्यात 'आंघोळीला गरम पाणी संपलं तेव्हाचं' ही पाटी आली.

ते खाकरणे बंद दाराआड झालेले आहे.

माझा एक निष्कर्ष झाला आहे. तो येथे लिहीत नाही, कारण ही दैनंदिनी कोणत्या खणात असते हे आरोपीला ठाऊक आहे.

व्हिडिओखाली डीजे दणकांचा प्रश्न होता, 'ताई, हे मी वापरू का?' आणि त्याखाली जिन्यातल्या बाईचे उत्तर :

'खुशाल घ्या. घरात पुष्कळ आहे.'

रविवार, २३ मार्च

सकाळी चहा घेताना मी दोनदा खाकरलो. (वर्ग : 'मला सगळं कळलंय पण आधी चहा पिऊ द्या'. हा संग्रहात नाही.) सौ.ने कप खाली ठेवला.

"कळलं का?"

"'खुशाल' या शब्दाविषयी बोलायचे आहे," मी म्हणालो. "कशासाठी, किती काळ, कुठे, एकट्याला की सर्वांना, यांपैकी एकाही गोष्टीची मर्यादा या शब्दात नाही. 'घ्या' म्हटले, 'परत करा' म्हटले नाही. वर 'पुष्कळ आहे' असे साठ्याचे आश्वासन दिले. इतके सैल परवानापत्र मी आजवर पाहिलेले नाही."

"मला काय माहीत तो त्याचं गाणं करेल! त्याच्या फोटोत पांढरा कोट होता. मागे तोंड वासलेल्या माणसाचं चित्र. मला वाटलं, घशाचा डॉक्टर आहे बिचारा, विद्यार्थ्यांना शिकवायला हवं असेल."

"माझा घसा वैद्यकीय शिक्षणासाठी?"

"जिवंतपणीच दिला, एवढंच!"

आणि ती जी हसू लागली, ती थांबेना. मी न हसण्याचा निश्चय केला होता. तो हात कपाच्या कानापर्यंत जाईतोवर टिकला.

हसू ओसरल्यावर मी विचारले, की मुळात संग्रह कशासाठी. ती टेबलावरचे बिस्किटांचे कण बोटाने गोळा करीत राहिली. "मागे तुम्ही नव्या कारखान्याच्या कामाला गेला होतात ना, तेव्हा घर फार गप्प झालं होतं. कंटाळा आला त्याचा. आलात तेव्हापासून साठवायला लागले. पुढच्या वेळेला असावं म्हणून. मग पुष्कळ झाले, आणि वाटलं, एकटीनं काय ऐकायचं."

"साठवण्यापूर्वी लेखी संमती—"

"खाकरा आता."

खाकरलो. हा आवाज कोणत्या वर्गात टाकावा, ते तिला विचारले नाही.

पांढऱ्या कोटाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा निघाला. डीजेंनी 'ताई, आभारी आहे' असे लिहून पुढे म्हटले होते, 'कधी दाढ दुखली तर या', आणि खाली दवाखान्याचा पत्ता दिला होता.

डीजे दणका हा दंतवैद्य आहे.

गुरुवार, २७ मार्च

आज जे घडले ते क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करतो.

दंतवैद्यांनी आजचीच वेळ दिली. आम्ही तिघे निघालो, तर वकीलबाई खाली गालाला रुमाल बांधून तयार. "खटल्याचं निमित्त, दाढेचं काम," त्या म्हणाल्या. मी सर्वांना बजावून ठेवले, की आत जाईपर्यंत मी खाकरणार नाही; समोरच्या पक्षाला आपला माल आयता दाखवायचा नसतो.

प्रतीक्षाकक्षात बाकांवर गर्दी होती. समोर सूचना लावलेली : 'रूग्णांनी आपआपली पादत्राणे बाहेर काढावित.' एका वाक्यात तीन चुका! मी मान वळवली. दुसऱ्या भिंतीवर तीच सूचना, मोठ्या अक्षरांत. मी डोळे मिटले. अक्षरे मिटलेल्या डोळ्यांपुढेही आली. सौ.ने माझा हात दाबला. "सोसा थोडं."

सोसवले नाही. दोनदा खाकरलो.

आतील यंत्राची घरघर थांबली. दार धाडकन उघडले आणि तोंडाला मास्क, हातात यंत्र, डोक्यावर एकही केस नसलेले, माझ्याच वयाचे एक गृहस्थ बाहेर धावत आले.

"तेच! तेच! 'शुद्धलेखनाची चूक'! कोण? कोण आहे ते?"

त्यांच्यामागे, आतल्या खुर्चीतून, तोंड उघडेच असलेल्या रुग्णाने ओरडून साथ दिली : "अहं अहं!" आणि बाकावरील साऱ्या दुखऱ्या दाढांनी एकदम उजवा खांदा उडवला.

मी उभा राहिलो. "मीच तो."

डीजे दणकांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांतील एकात यंत्र होते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. "काका— साहेब— तुमचं पहिलं खाकरणं 'सा'वर आहे आणि दुसरं बरोबर 'रे'वर जातं! दरवेळी! माझ्या यंत्रालासुद्धा इतका सूर नाही हो!" मग आवाज उतरवून म्हणाले, "पण डीजेचं मोठ्यानं बोलू नका. आई समोरच राहते. तिला वाटतं, मी संध्याकाळी इंग्लिश शिकायला जातो."

ठपक्यांविषयी त्यांना काहीच माहीत नव्हते. ऐकून ते पांढरेफटक पडले. गाणे त्यांनी वितरण कंपनीकडे दिले होते, आणि देताना—

"'मला मान्य आहे'वर खूण केलीत," मी म्हणालो.

"केली."

"न वाचता."

"ते कोण वाचतं हो?"

सौ., कन्या आणि वकीलबाई यांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मी हात पुढे केला. डॉक्टरांनी निमूटपणे त्यांच्या मोबाइलवर तो करार उघडून दिला.

मी तो प्रतीक्षाकक्षाच्या मधोमध उभे राहून वाचला. मोठ्याने. सर्व. प्रत्येक कलमापूर्वी दोनदा खाकरून. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. एकही माणूस उठून गेला नाही! ज्यांची नावे पुकारली गेली, तेसुद्धा "थांबा हो, कलम होऊ द्या" म्हणाले. नवव्या कलमात कळले, की गाण्याशी जुळणारा कोणताही आवाज कोठेही आढळल्यास कंपनीचे यंत्र आपोआप दावा ठोकेल. "मूळ आवाजावरसुद्धा?" एका आजीबाईंनी विचारले. "मूळ आवाजावरसुद्धा," मी म्हणालो, आणि बाकांवरून "अरेरे" असा आवाज आला. अकराव्या कलमाला कोणीतरी शिव्या घातल्या. चौदाव्या कलमात मात्र मी थांबलो, आणि पुन्हा वाचले : कलावंत आपल्या इच्छेने कोणाही व्यक्तीस 'परवानगीप्राप्त' घोषित करू शकेल, तसे केल्यास त्या व्यक्तीवरील मागचे व पुढचे सर्व दावे रद्द समजले जातील. अट एकच : कलावंताच्या सहीचा कागद हवा.

टाळ्या पडल्या. हमीपत्र विभागात मला टाळ्या पडलेल्या नाहीत.

"थांबा," वकीलबाई रुमालाआडून म्हणाल्या. "कायद्यानं यांना परवानगीची गरजच नाही. घसा यांचा. परवानगी घेतली, तर उद्या कोणी म्हणेल, मालकी मान्य केली."

मुद्दा बिनतोड होता. स्वतःच्या घशासाठी परवाना घेणे म्हणजे एका चुकीला लेखी दुजोरा देणे. मी तसे म्हणणारच होतो. पण सौ. माझ्याकडे पाहत होती. तिला शनिवार दिसत होता. मला तिच्या पलीकडे बाकावरची माणसे दिसली. पुढचे कलम आहे का, म्हणून ती अजून वाट पाहत होती.

"परवाना घेऊ," मी म्हणालो, "आणि त्यावर लिहू, की याची आवश्यकता नव्हती."

"हे चालेल," वकीलबाई म्हणाल्या. "आता माझी दाढ बघा कुणीतरी."

डॉक्टरांपाशी कागद एकच प्रकारचा होता. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिले, मी मजकूर सांगितला :

'रुग्णाचे नाव' यापुढे माझे नाव. 'तक्रार' : नाही. 'उपचार' : स्वतःचा घसा स्वतः खाकरणे, दोनदा, प्रत्येक कलमापूर्वी, घरी, कार्यालयात, जिन्यात व मंचावर. 'किती दिवस' : आयुष्यभर. खाली : 'सदर परवानगीची कायद्याने आवश्यकता नव्हती, केवळ नियमाने होती.' आणि सही. डॉक्टरांच्या हाताला इतकी लय लागली होती, की 'जेवणानंतर' हा शब्दही सवयीने लिहिला गेला. तो मी खोडायला लावला.

जाताना डॉक्टरांनी विचारले, पुढच्या गाण्यासाठी कलम चौदाचे वाचन वापरता येईल का. मी सौ.कडे पाहिले.

"आता त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "मी शिकले."

मी म्हणालो, अटी नंतर कळवतो.

शनिवार, २९ मार्च

तिसरा ठपका आला नाही. आधीचे दोन पुसले गेले. छत्री आणि धुलाईयंत्र वाहिनीवर परतली. बॅग कुठे गेलीच नव्हती. मंचाने कळवले : 'अभिनंदन! आपणास आता स्वतःचा आवाज वापरता येईल.' पत्रात दोन चुका आहेत. दुरुस्त करून परत पाठवले. काळजीपूर्वक वाचून फेटाळण्यात आले.

कार्यालयात व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले आणि आमच्या मिक्सरचे हमीपत्र वाहिनीवर वाचण्यापूर्वी एकदा त्यांना दाखवावे, अशी विनंती केली. ते म्हणाले, "मी ते वाचलं नव्हतं, सर. काल वाचलं. घाबरलो."

संध्याकाळी घरी निघालो. चिठ्ठी खिशात होती. रस्त्यात एका शाळकरी मुलीने मला ओळखून खांदा उडवला. मीही उडवला, कारण आजूबाजूला कार्यालयातील कोणी नव्हते. आमच्या इमारतीपाशी आलो. लिफ्ट खाली उभी होती. तरी जिना घेतला. दुसऱ्या वळणावर थांबलो, चिठ्ठी चाचपून पाहिली आणि कायदा व नियम या दोहोंच्या पूर्ण अनुमतीने दोनदा खाकरलो. पहिले 'सा'वर होते. दुसऱ्याबाबत खात्री नाही.

वरून आधण ठेवल्याचा आवाज आला. मग उघड्या दारातून सौ.चा :

"या, खुशाल या!"

या शब्दास मुदत नाही, मर्यादा नाही, आणि रद्द करण्याचे कलम नाही. मी तो उरलेल्या पायऱ्या चढताना पुन्हा तपासला. बिनचूक आहे.